आमच्या गावचे आटे

आमच्या गावातल्या कुठल्याही वर्कशॉपवाल्याला माझ्याबद्दल विचारा. मी जवळपास नाही ना, हे तो आधी बघेल आणि मग सांगेल, बाई खडूस आहे. खरं आहे ते. एकोणतीस वर्षं मी मोठ्या कारखान्याच्या मापघरात काढली, आणि तिथे गोड बोलून भागत नाही.

कारखाना नळ, पाइप आणि त्यांचे जोड विकायचा. जोडांमध्ये सगळ्यात जास्त खप एल्बोचा, म्हणजे पाइप जिथे वळतो तिथे लागणाऱ्या काटकोनी तुकड्याचा. एल्बोच्या आत पाइप फिरवून बसवायचे आटे पाडायचं काम गावातल्या एकतीस वर्कशॉपांकडे होतं. आटे बरोबर पडलेत की नाही हे बघायला प्रत्येकाकडे एक गेज असायचं, टोकाला आटे असलेला पोलादी दांडा. तो एल्बोत फिरवायचा. सरळ गेला तर माल पास, अडला तर नापास. वापरून वापरून गेज झिजतं, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी आपापली गेजं माझ्या टेबलावर आणायची आणि मी ती मूळ गेजाशी ताडून बघायची. मूळ गेज हिरव्या बनातीच्या पेटीत, पेटीची किल्ली माझ्याकडे. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचं गेज मी चार वेळा नापास केलंय. चारही वेळा तो आठ-आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि आम्ही एकाच घरात राहायचो.

मग मालकाच्या नातवंडांना नळांचा कंटाळा आला आणि त्यांनी कारखाना बंद केला. सामान भंगारात निघालं तेव्हा मी मूळ गेजाची पेटी उचलून घरी आणली. कोणी हटकलं नाही. भंगारवाल्याने तर दारही उघडून धरलं.

वर्षभराने कारखान्याच्या कँटीनमध्ये नवउद्योग केंद्र आलं. भिंतीवरचा तेलकटपणा खरवडून तिथे तक्ते लावले. केंद्राच्या मॅडम वयाने लहान, बोलायला चटपटीत आणि मनाने चांगल्या होत्या. त्यांचं म्हणणं, ज्या गावात एकाच कामाचे इतके कारागीर एकत्र राहतात तिथे नव्या कंपन्या आपोआप उगवतात. त्यांनी सगळ्यांना फॉर्म वाटले. त्यात एक प्रश्न होता, तुमचे ग्राहक कोण? एकतीसच्या एकतीस जणांनी बंद कारखान्याचं नाव लिहिलं. मॅडमनी फॉर्म परत दिले आणि समजावलं की जो कारखाना चालू नाही तो ग्राहक होऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी फॉर्म आले. सगळ्यांनी नावापुढे कंसात 'सध्या बंद' असं लिहिलेलं.

हसू नका. आमच्या लोकांनी कधी कोणाला भाव सांगितला नव्हता. भाव कारखाना सांगायचा. कधी गिऱ्हाईक शोधलं नव्हतं. पूर्वी एकदा सायकलीचे भाग करून घ्यायला कोणी बाहेरचा आला होता, तेव्हा कारखान्याने निरोप धाडला की त्याचं काम घेईल त्याचं आमचं काम बंद. तो बिचारा दोन दिवस धर्मशाळेत राहून निघून गेला. त्यानंतर गावात कोणी आलं नाही, आणि आपण कुठे जावं असं कोणाला वाटलंही नाही.

माझा धाकटा भाऊ मात्र मॅडमच्या बोलण्याने पेटला. त्याने कंपनी काढली. आमच्या घरामागच्या शेडवर पाटी लागली, छापील कागद आले, आणि हा बावन्न वर्षांचा माणूस फोनवर अनोळखी माणसांना 'सर' म्हणायला शिकला. आठ महिने तो फोन करत होता. एका कंपनीने भाव विचारला तेव्हा त्याने उत्तरात लिहिलं, 'आपण म्हणाल तो.' त्यांनी परत फोनच केला नाही.

माझी भावजय मोजकं बोलते आणि एकदाच बोलते. एका दुपारी जेवताना तिने ताटावरून नजर न उचलता सांगितलं, "पहिलं काम मिळून ते नीट पार पडलं तर राहू. नाहीतर माझा भाऊ बोलावतोय. त्याच्या पॅकिंगच्या कामावर दोघांची सोय होईल म्हणालाय. जागाही आहे, एक खोली."

दोघांची. त्यांची मुलगी लग्न होऊन गेलेली, तेव्हा घरात आम्ही माणसं तीन. भावजय वाईट नाही, जे होतं ते तिने सांगितलं. मी ताटातलं मीठ बोटाने गोळा करत बसले. धाकटा म्हणाला, "मिळेल गं काम." हे त्याने तिला सांगितलं की मला, कळलं नाही.

आणि काम मिळालं. मोठ्या शहरात इमारतींमध्ये आग विझवायचे पाइप बसवणारी एक कंपनी होती. तिला आधी दोनशे एल्बो हवे होते. ते बरोबर ठरले तर वर्षभर दर महिन्याला दोन हजार. दोन हजार म्हणजे धाकट्याच्या शेडमध्ये आणखी तीन माणसं लागली असती. मॅडम स्वतः घरी आल्या आणि आमचा तिघांचा शेडसमोर फोटो काढून घेऊन गेल्या.

कंपनीने ड्रॉइंग पाठवलं होतं आणि मालासोबत माप तपासल्याचा सहीचा दाखला मागितला होता. धाकट्याने ड्रॉइंग माझ्यासमोर पसरलं. कोपऱ्यात आट्यांच्या मानकाचा नंबर होता, आणि इंचाला अकरा आटे असं लिहिलेलं.

"ताई, हे आपलंच ना?"

"अकरा आटे. आपलेही अकराच आहेत."

तो थोडा घुटमळला. "नाही म्हणजे, बाहेरचं एखादं गेज मागवून बघूया का एकदा? खात्री."

मला ते झोंबलं. आज आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा झोंबलं हे खरं. "एकोणतीस वर्षं मी तिथे माशा मारत होते का?" मी म्हणाले. "तुझ्या जन्माच्या आधीपासून त्या गेजावर गाव चाललंय." त्याने ड्रॉइंगची गुंडाळी केली. लहानपणापासून तो मला घाबरतो, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

दोनशेच्या दोनशे एल्बो मी स्वतः तपासले. अकरा बाजूला काढले. धाकट्याने अकरा नवे करून दिले. दाखल्यावर मी वळणदार सही केली आणि खाली कंसात लिहिलं, मापघर प्रमुख. मापघर राहिलं नव्हतं, पण लिहिलं.

नवव्या दिवशी फोन आला. एल्बो गळतात. धाकटा म्हणाला, तुमचे पाइप बारीक असतील. पलीकडचा माणूस म्हणाला, येऊन बघा.

आम्ही दोघं पहाटेच्या बसने निघालो. मी गेजाची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. आपला माल बरोबर आहे याबद्दल मला तसूभर शंका नव्हती. उलट बाहेरच्या लोकांना एकदा माप म्हणजे काय ते दाखवून द्यायचं, अशा तोऱ्यात मी होते.

अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर सिमेंटच्या गोण्यांमध्ये एक फिटर आमची वाट बघत होता. खरेदी बघणारे साहेबही होते, पिकल्या मिशांचे, शांत. फिटरने आमचा एल्बो घेतला, त्यात पाइप हाताने फिरवला. पाइप शेवटपर्यंत आत गेला आणि तिथे हलत राहिला, पडायला आलेल्या दातासारखा. मग त्याने खोक्यातून दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा एल्बो काढला. त्यात तोच पाइप तीन फेरे गेला आणि घट्ट बसला.

"द्या इकडे," मी म्हणाले आणि पेटी उघडली. मूळ गेज काढून त्या परक्या एल्बोत घातलं. ते आत शिरेना. "हा नापास," मी म्हणाले. फिटरने दुसऱ्या कंपनीचा दिला. तोही नापास. तिसऱ्या कंपनीचा, चौथ्या. मी प्रत्येक एल्बो टेबलावर आपटत होते आणि नापास म्हणत होते. धाकट्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकला.

फिटर हसला नाही, हे त्याचे उपकार. तो म्हणाला, "ताई, सगळेच कसे नापास होतील?"

मग साहेबांनी आमच्या गावाचं नाव विचारलं, आणि ते ऐकल्यावर एक लांब श्वास सोडला. "तुम्हाला माहीत नाही?" ते म्हणाले. "तुमच्या मालकाच्या वडिलांनी मुद्दाम केलेलं ते. आटे अकराच, पण घेर केसभर जास्त. एकदा त्यांचा नळ बसवला की पुढचा प्रत्येक तुकडा त्यांच्याकडूनच घ्यावा लागायचा. आम्ही त्यांचा माल घेणं कधीच सोडलं. आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे हे."

सगळ्यांना. फक्त ज्यांनी पन्नासहून जास्त वर्षं तो माल केला त्या एकतीस वर्कशॉपांना आणि त्यांच्या मापघर प्रमुखाला ठाऊक नव्हतं. आणि कळायला कारणं कमी होती असंही नाही. गावात कोणी बाहेरचा नळ आणून बसवला की तो आमच्या जोडात ढिला व्हायचा. मग प्लंबर त्याला बोटभर धागा गुंडाळायचा आणि म्हणायचा, बाहेरचे लोक धातू मारतात हो. मीही म्हणायचे. शेजारणीने एकदा सुंदर चकचकीत नळ आणला होता, त्याला मी नाक मुरडलं होतं.

साहेब भले होते. निघताना म्हणाले, "महिन्याभरात बरोबर मापाचे आणून दिलेत तर अजूनही घेईन. तुमचं काम सुबक आहे. आटे इतके स्वच्छ मी फार दिवसांत पाहिले नाहीत."

परतीच्या बसमध्ये धाकटा एक अक्षर बोलला नाही. मला वाटत होतं त्याने बोलावं. 'मी म्हणालो होतो ना' एवढं जरी म्हणाला असता तरी मी त्याचे पाय धरले असते.

आता एक महिना होता, आणि तुम्ही म्हणाल, मग लहान आटे पाडा की. तिथेच तर सगळं अडलं. धाकटा आटे पाडतो ते ओतीव तुकड्यात, आणि ते तुकडे गावातला एकच ओतारी सगळ्या एकतीस जणांसाठी ओततो. त्याच्या साच्यातलं भोकच आमच्या मापाचं, म्हणजे मोठं. मोठं भोक लहान कसं करणार? तिथे कापायला धातूच शिल्लक नसतो. बाहेरच्या ओताऱ्यांना धाकट्याने विचारून पाहिलं. ते स्वतःच एल्बो विकतात, ते याला कशाला तुकडे देतील. म्हणजे धाकट्याचं माप बदलायला आधी ओताऱ्याचे साचे बदलायला हवेत, आणि एका माणसासाठी ओतारी ते बदलणार नाही. सगळ्यांनी मिळून सांगितलं तर बदलेल.

म्हणून मी मॅडमना कँटीनमध्ये सभा घ्यायला लावली. सगळे आले. मी पेटी घेऊन उभी राहिले, आणि जे मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं ते बोलले. म्हणाले, माझं मूळ गेज चुकीचं आहे. पहिल्यापासून चुकीचं आहे. मी तुमची जी गेजं पास केली ती चुकीची होती. बाहेरच्या जगात आपला एकही एल्बो कुठेच बसत नाही, आणि आपण साचे बदलले नाहीत तर आपण काढू त्या कंपन्या नुसत्या पाट्यांपुरत्या राहतील. मग साहेबांच्या खोक्यातून मागून आणलेला एल्बो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, या, तपासून बघा.

पुढच्या रांगेतले दोघे आले. त्यांनी एल्बो हातात घेऊन फिरवून पाहिला. एक जण म्हणाला, "पातळ आहे." दुसरा म्हणाला, "धातू मारलाय."

ओतारी सगळ्यांत शेवटी उठला. मोठा माणूस, आवाज हळू. "ताई, तुमचं खरं असेलही," तो म्हणाला. "पण साचे मोडायचे, हत्यारं टाकायची, गेजं टाकायची, आणि उद्या कोणी कारखाना विकत घेऊन पुन्हा चालू केला तर? त्याला आपलंच माप लागणार. तेव्हा आपण काय करायचं?"

सगळ्या कँटीनमध्ये माना हलल्या. कारखाना पुन्हा चालू होणार ही बातमी गावात दर दोन महिन्यांनी येते. कोणीतरी कोणाला तरी फाटकापाशी गाडीतून उतरताना बघतं. मी म्हणाले, "दादा, तिथली छपरंसुद्धा विकली गेली." तो म्हणाला, "छपरं काय, नवी घालता येतात."

धाकटा मागे भिंतीला टेकून उभा होता. तो सभा संपायच्या आत बाहेर निघून गेला. मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या, मी वाकून बघितलं. 'मापाविषयी जागृती, एक दिवसाचं शिबिर.' मी त्यांना विचारलं, नव्या साच्यांसाठी केंद्राकडून काही मिळेल का? त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. त्यांच्याकडे प्रशिक्षणासाठी तरतूद होती, तक्त्यांसाठी होती, प्रदर्शनासाठी होती. साच्यांसाठी नव्हती.

महिना संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी भावजयीने बांधाबांध केली. बसस्टँडवर ती माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "वन्सं, पुढेमागे जागा झाली की..." आणि थांबली. जागा होणार नाही हे तिला माहीत होतं आणि खोटं तिला बोलता येत नाही. धाकटा मशिनांना तेल लावून, झाकून ठेवून आला होता. त्याची बोटं काळी होती.

त्यानंतर घरात एवढी शांतता झाली की मला माझं चावणं ऐकू यायचं. गावातले लोक मला टाळायला लागले. वाईट कोणी वागलं नाही, पण मी समोरून आले की त्यांना रस्त्यापलीकडचं काहीतरी आठवायचं. ज्या बाईने सांगितलं की तुमचं आयुष्यभराचं काम चुकीचं होतं, तिच्याशी चहा पिता पिता बोलणार तरी काय? मधल्या काळात सगळ्यांनीच कंपन्या काढल्या. धाकटा गेल्यावर उरलेले तीसच्या तीस जण एल्बोच करणार होते. केंद्राच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाला माप तपासल्याचा दाखला लागत होता, आणि गावात तो देऊ शकेल अशी एकटी मी. दोघे-तिघे येऊन गेले. मी दारातूनच परत पाठवलं. म्हणाले, खोटी सही माझ्याकडून होणार नाही. ते न भांडता गेले, आणि मग तेही यायचे बंद झाले. पाच महिने माझ्या दारात एक माणूस उभा राहिला नाही.

परवा दुपारी धाकट्याचा फोन आला. आवाजात हसू होतं. त्यांच्या खोलीतला मोरीचा एल्बो फुटला होता. घरमालकाने प्लंबरला निरोप दिला, पण हा थांबतोय कशाला. कोपऱ्यावरच्या दुकानातून साधा एल्बो आणला, पाइपचं टोक कापलं, दुकानदाराकडून हत्यार मागून घेऊन त्यावर नवे आटे पाडले.

"हाताने बसला गं," तो म्हणाला. "तीन फेरे, आणि घट्ट. धागासुद्धा लावला नाही मी. थेंब नाही गळत. दुकानदार बघायला आला होता, म्हणाला, कुठे शिकलात?"

"मग काय सांगितलंस?"

"काही नाही. ताई, मला वाटायला लागलं होतं की आपल्याला कामच येत नाही. येतं गं आपल्याला."

एवढं बोलला आणि रडायला लागला. लहानपणापासून तो माझ्यासमोर रडला नव्हता. मागे भावजय कोणाशी तरी बोलत होती, चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत होता. मला त्याला सांगायचं होतं की परत ये. कशासाठी ये, ते सुचेना. मी नुसतं हूं म्हणत राहिले, आणि मग कोणीतरी त्याला हाक मारली आणि त्याने फोन ठेवला.

दारावर थाप पडली. ओतारी होता, आणि त्याच्या मागे दोघे जण, सगळ्यांच्या गेजांची फडक्यातली गाठोडी छातीशी धरून. शुक्रवारी केंद्रात कागद द्यायची शेवटची तारीख होती. ओतारी खाली बघत म्हणाला, "ताई, नाही म्हणालात तर जातो आम्ही."

ते गेले असते तर पुन्हा पाच महिने कोणी आलं नसतं. त्यांचे एल्बो जगात कुठे बसणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि आतून त्यांनाही माहीत असावं. मी दार उघडं धरलं, बसा म्हणाले, चहाचं आधण ठेवलं. मग गेजं एकेक करून तपासली. त्यातलं एक झिजलं होतं, ते मी नापास केलं, आणि बाकीच्यांच्या दाखल्यांवर सही केली.